हबर्ड हॉल : एका बोटहाऊसची कागदपत्रे

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातले अ‍ॅनापोलिस हे गाव सेव्हर्न नदीच्या मुखाशी वसले आहे. नदी म्हणायची एवढेच. प्रत्यक्षात ती चेसापीक उपसागराची आत शिरलेली खाडी आहे. पाणी मचूळ, भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभराचा, आणि वारा फिरला की पाणी उसळायला वेळ लागत नाही. याच सेव्हर्नला गावाच्या अंगाने एक चिंचोळा फाटा मिळतो. त्याचे नाव कॉलेज क्रीक. अमेरिकन नौदलाच्या अकादमीने १९३० साली या फाट्याच्या काठावर शर्यतीच्या नौकांसाठी एक इमारत उभी केली. ती इमारत म्हणजे हबर्ड हॉल.

ही जागा का निवडली, हे नौकेकडे पाहिले की कळते. आठ वल्हेकऱ्यांची शर्यती नौका साधारण साठ फूट लांब आणि दोन फुटांच्या आतबाहेर रुंद असते. त्या काळात तिचा सांगाडा लाकडाचा आणि वरचे कवच सीडरच्या पातळ पत्र्यासारख्या फळीचे असे. अशी नौका उन्हात ठेवली तर तडकते, मचूळ पाण्याने भिजलेली तशीच ठेवली तर तिचे लोखंडी भाग गंजतात, आणि उघड्या पाण्यावर आडव्या लाटेने भरली तर बुडते. तिला सावली हवी, हवेशीर आडव्या फळ्या हव्यात, सबंध लांबी वळवता येईल असे रुंद दार हवे आणि दारासमोर शांत पाणी हवे. सेव्हर्नच्या उघड्या काठावर यातले शेवटचे मिळत नाही. कॉलेज क्रीकच्या आडोशाला मिळते. नौका आडोशाला पाण्यात सोडायची, हातपाय मोकळे करायचे आणि मग सेव्हर्नच्या रुंद पात्रात जायचे, असा हा सोयीचा रस्ता.

या इमारतीचा इतिहास लिहायला बसले की कागदांची उणीव भासत नाही. अडचण वेगळीच येते. नौदल ही नोंदी ठेवणारी जमात आहे, तेव्हा अधीक्षकांचे वार्षिक अहवाल आहेत, हुद्द्यांच्या याद्या आहेत, जहाजांवरचे हुकूम आणि त्यांची उत्तरे आहेत. दुसऱ्या बाजूला 'लकी बॅग' नावाचा छात्रांचा वार्षिकांक १८९४ पासून निघतो आहे, आणि त्यात प्रत्येक वर्षाचा संघ शूर, प्रत्येक पराभव दुर्दैवी असतो. आपल्याकडे बखर आणि अस्सल पत्र यांत जो फरक करायला इतिहासकार राजवाड्यांच्या पिढीने शिकवले, तोच इथे करावा लागतो. बखर टाकून द्यायची नाही. तिच्यातून माणसांना काय मोलाचे वाटत होते ते कळते. पण तारीख आणि क्रम यांसाठी तिच्यावर विसंबायचे नाही.

अकादमीची स्थापना १० ऑक्टोबर १८४५ ची. नौदलमंत्री जॉर्ज बॅनक्रॉफ्ट यांनी सेव्हर्नच्या मुखावरचा फोर्ट सेव्हर्न हा जुना किल्ला भूदलाकडून मिळवला आणि दहा एकरांच्या त्या जागेत पन्नास छात्र आणि सात शिक्षकांनिशी शाळा सुरू केली. तेव्हा वल्हवणे हा खेळ नव्हता, अभ्यासक्रमाचा भाग होता. शिडाच्या जहाजावरून किनाऱ्यावर जायचे, नांगर दूर नेऊन टाकायचा, पाण्यात पडलेला माणूस काढायचा, तर जहाजावरच्या वल्ह्यांच्या होड्यांवाचून गत्यंतर नव्हते. यादवी युद्धात १८६१ साली अकादमी उत्तरेला न्यूपोर्ट येथे हलवली गेली आणि १८६५ मध्ये परत अ‍ॅनापोलिसला आली. परत आलेल्या अकादमीचे अधीक्षक झाले अ‍ॅडमिरल डेव्हिड डिक्सन पोर्टर. युद्धात मोठे नाव कमावलेला हा माणूस. त्याने छात्रांना खेळ दिले, नाच शिकवले, मनोरंजनाला वेळ दिला. टीकाकारांनी अकादमीला 'पोर्टरची नृत्यशाळा' असे हिणवले. त्या हेटाळणीची नोंद उरली हे इतिहासाच्या दृष्टीने बरे झाले, कारण खेळ कुणाच्या काळात आणि किती विरोध पत्करून रुजले याचा तो समकालीन पुरावा आहे. अधिकृत अहवालात एवढी धग सापडत नाही.

पोर्टर १८६९ मध्ये पदावरून गेले आणि त्यांच्या जागी जॉन वॉर्डन आले. ९ मार्च १८६२ रोजी हॅम्प्टन रोड्स येथे चिलखती जहाजांची जी पहिली झुंज झाली, त्यात 'मॉनिटर'चे कप्तान हेच वॉर्डन होते. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. ज्या माणसाने वाफेच्या आणि लोखंडाच्या युद्धाचा आरंभ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, त्याच्याच कारकिर्दीत छात्र हौसेने वल्हे हाती धरू लागले होते. वल्ह्याची नौदलातली गरज उतरणीला लागली आणि नेमक्या त्याच सुमारास वल्हे खेळ म्हणून वर आले. ज्याच्यावर पोट अवलंबून राहिले नाही, ते काम माणसे आवडीने करू लागतात. आपल्याकडे तलवारबाजीचे आणि दांडपट्ट्याचे असेच झाले.

१८७० साली बाहेर पडलेल्या वर्गात जॉन हबर्ड नावाचा एक छात्र होता. जन्म १८४९ चा, मेन राज्यातला. अकादमीच्या अगदी सुरुवातीच्या शर्यती-संघातला हा वल्हेकरी. साठ वर्षांनी उभ्या राहिलेल्या बोटहाऊसवर ज्याचे नाव आहे तो हाच.

पण इथे कागदांत एक पेच येतो. विन्स्टन चर्चिल या अमेरिकन कादंबरीकाराच्या चरित्रनोंदी पाहिल्या, तर त्यांत स्पष्ट लिहिलेले असते की अ‍ॅनापोलिसचा पहिला आठ वल्ह्यांचा संघ याने उभा केला आणि दोन वर्षे त्याचे कर्णधारपद केले. हा चर्चिल १८९४ च्या वर्गाचा. ब्रिटिश पंतप्रधानांशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. उलट नावांचा घोळ होऊ नये म्हणून १८९९ मध्ये दोघांत पत्रव्यवहार झाला आणि ब्रिटिश चर्चिलनी आपल्या पुस्तकांवर मधले नाव घालायचे कबूल केले. मग पहिला संघ कुणाचा? १८७० चा की १८९० च्या दशकातला?

दोन्ही विधाने खरी ठरतात, आणि ती कशी, हे अ‍ॅनापोलिसच्या बाहेरच्या कागदांवरून समजते. १८७० च्या आगेमागे अमेरिकन महाविद्यालयांच्या शर्यती सहा वल्ह्यांच्या नौकांत होत. हार्वर्ड आणि येल यांनी आपसातली शर्यत आठ वल्ह्यांच्या नौकेत लावली ती १८७६ मध्ये, आणि त्यानंतर आठाची नौका हाच प्रतिष्ठेचा प्रकार झाला. तेव्हा १८७० चा संघ 'आठाचा' असण्याचे कारणच नाही. चर्चिलबद्दलच्या नोंदीत 'आठ वल्ह्यांचा' हे विशेषण आहे, ते गाळून वाचले की भांडण उभे राहते. मधल्या वीसेक वर्षांत हा खेळ मंदावला होता आणि चर्चिलच्या पिढीला तो नव्याने उभा करावा लागला, हेही त्या नोंदीतून ओघाने निघते. चालत्या संघाला कुणी 'उभा केला' म्हणत नाही.

आता खुद्द हबर्डकडे वळू. त्याचे नाव दोन वेगवेगळ्या दप्तरांत आहे आणि ही दोन दप्तरे एकमेकांशी बोलत नाहीत. एक अकादमीचे. दुसरे अमेरिकी परराष्ट्र खात्याचे आणि काँग्रेसचे, १९०३ सालचे. त्यात कमांडर जॉन हबर्ड 'नॅशव्हिल' या गनबोटीचा कप्तान म्हणून येतो.

पनामा तेव्हा कोलंबियाचा प्रांत होता. कालव्याचा करार कोलंबियाच्या सिनेटने फेटाळला होता आणि प्रांत फुटण्याची चिन्हे दिसत होती. 'नॅशव्हिल' २ नोव्हेंबर १९०३ च्या संध्याकाळी कोलोन बंदरात आली. ३ तारखेच्या पहाटे कोलंबियाचे 'कार्ताहेना' हे जहाज चारशेहून अधिक शिपाई घेऊन तिथेच पोचले. वॉशिंग्टनचा हुकूम असा होता की कुठल्याही बाजूचे सशस्त्र दल शत्रुबुद्धीने उतरू द्यायचे नाही. त्या हुकुमाच्या तारेवर २ नोव्हेंबरचीच तारीख आहे. पण ती हबर्डच्या हाती पडली तोवर कोलंबियाचे शिपाई धक्क्यावर उतरून मोकळे झाले होते. निव्वळ तारेची तारीख पाहणारा अभ्यासक म्हणेल की कप्तानाने हुकूम मोडला. कप्तानाचा स्वतःचा अहवाल सोबत वाचला की उलगडा होतो. हुकूम सुटल्याची वेळ आणि हुकूम पोचल्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या पेशवे दप्तरात पत्र लिहिल्याची मिती आणि ते पावल्याची मिती वेगळी टिपलेली असते, ती याचसाठी.

पुढचा प्रसंग ४ नोव्हेंबरचा. आदल्या दिवशी पनामा रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी कोलंबियाच्या सेनापतींना शिपायांवाचून पुढे पनामा शहराकडे नेले होते आणि तिथे बंडवाल्यांनी त्यांना पकडले होते. मागे राहिलेल्या पलटणीचा प्रमुख कर्नल तोरेस याने धमकी दिली की सेनापती सुटले नाहीत तर गावातल्या अमेरिकनांचा जीव घेऊ. हबर्डने ४२ माणसे किनाऱ्यावर उतरवली. रेल्वेच्या दगडी गोदामात मोर्चा बांधला, बायकामुलांना बंदरातल्या जहाजांवर चढवले आणि 'नॅशव्हिल' किनाऱ्यालगत आणून उभी केली. चारशेंसमोर बेचाळीस. गोळी सुटली नाही. ५ तारखेला तोरेस आपली पलटण घेऊन ब्रिटिश टपाल बोटीने निघून गेला आणि ६ तारखेला वॉशिंग्टनने पनामाला मान्यता दिली. ४ जानेवारी १९०४ च्या काँग्रेसपुढच्या निवेदनात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी आपल्या बाजूचा पुरावा म्हणून हबर्डच्या अहवालांचाच आधार घेतला.

या प्रकरणात अमेरिकेची बाजू न्यायाची होती असे मला वाटत नाही. एका दुबळ्या शेजाऱ्याचा प्रांत तुटताना बलिष्ठ देशाने आपले जहाज नेमक्या जागी उभे केले होते. पुढे कोलंबियाशी झालेल्या आणि १९२१ मध्ये अमेरिकन सिनेटने मंजूर केलेल्या तहानुसार अमेरिकेने अडीच कोटी डॉलर दिले, ते उगाच नाही. तरी हबर्डच्या अहवालांत एक गोष्ट टिपण्यासारखी आहे. त्यांत फुशारकी नाही. कोण किती वाजता आले, कुणाला काय सांगितले, किती माणसे उतरवली, कधी परत घेतली, एवढेच. रूझवेल्ट यांच्या निवेदनातला आवेश आणि कप्तानाच्या अहवालातला संथपणा शेजारी ठेवले की कोणता कागद इतिहासकाराच्या कामाचा हे वेगळे सांगावे लागत नाही.

हबर्ड पुढे 'मिनेसोटा' या युद्धनौकेचा कप्तान झाला. डिसेंबर १९०७ ते फेब्रुवारी १९०९ या काळात सोळा पांढऱ्या युद्धनौकांचा जो ताफा पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, त्यातली ही एक. मग रिअर अ‍ॅडमिरल, आशियाई आरमाराचा सरसेनापती, आणि १९११ मध्ये निवृत्ती. मृत्यू १९३२ चा. एवढ्या कारकिर्दीतून अकादमीच्या आवारात त्याचे नाव जोडले गेले ते गनबोटीशी नाही, युद्धनौकेशी नाही. ते जोडले गेले तरुणपणीच्या वल्ह्याशी.

नाव हबर्डचे खरे, पण इमारतीची गरज निर्माण केली ती नंतरच्या लोकांनी. त्यांतला मुख्य माणूस रिचर्ड ग्लेंडन. केप कॉडच्या समुद्रकाठचा, पुस्तकी शिक्षणापेक्षा पाण्यावर शिकलेला हा प्रशिक्षक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अ‍ॅनापोलिसला आला. त्याने मुलासोबत लिहिलेले वल्हवण्यावरचे पुस्तक १९२३ मध्ये निघाले. ते या सगळ्या साधनांतले मला सर्वात मोलाचे वाटते, कारण त्यात विजयाच्या कहाण्यांपेक्षा पाठ कुठवर न्यायची, पाय कधी सोडायचे आणि वल्ह्याचे पाते पाण्यातून कसे काढायचे याला जास्त जागा आहे. जो माणूस हे इतक्या बारकाईने लिहितो, त्याच्या हाताखाली काय शिकवले जात होते ते कळायला वेगळ्या साक्षीदाराची जरूर नाही.

त्या पुस्तकामागे १९२० चा विजय आहे. त्या वर्षी ऑलिंपिक अँटवर्पला होते. अमेरिकेतली निवड शर्यत जुलैमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सिगमंड सरोवरावर झाली आणि नौदलाचा संघ जिंकला. नौदलाच्या खेळाडूंना युरोपात नेले 'फ्रेडरिक' या चिलखती क्रूझरने. या जहाजाचे मूळ नाव 'मेरीलँड', अ‍ॅनापोलिस ज्या राज्यात आहे त्याचे. ऑलिंपिकची वल्हवण्याची शर्यत मात्र अँटवर्पला नव्हती. ती ब्रुसेल्सजवळच्या व्हिलव्होर्डे येथे एका कालव्यात झाली, कारखाने आणि गोदामांच्या रांगेतून. २९ ऑगस्टच्या अंतिम शर्यतीत समोर होता इंग्लंडचा लिअँडर क्लब, त्या काळी या खेळाचे माहेरघर मानला जाणारा. शर्यतीचा बराच भाग लिअँडर पुढे होता. अखेरच्या टप्प्यात अमेरिकन नौका पुढे गेली. वेळ नोंदली गेली ६ मिनिटे २.६ सेकंद. लिअँडरची ६ मिनिटे ५ सेकंद.

हे अंतर किती? वर्णने उत्साहाच्या भरात लिहिली जातात, तेव्हा हिशेब आपणच करावा. दोन हजार मीटर ३६२.६ सेकंदांत म्हणजे सेकंदाला सरासरी साडेपाच मीटर. २.४ सेकंदांत तेरा मीटरांच्या आसपास. नौकेची लांबी अठरा मीटर धरली तर हा विजय नौकेच्या पाऊण लांबीचा होतो. दोन किलोमीटरच्या शर्यतीत पाऊण नौका. नौका हाकणारा कॉक्सवेन शर्मन क्लार्क याच्या नावावर त्या ऑलिंपिकमध्ये आणखी एक पदक आहे. चौघांच्या नौकेतही तोच सुकाणूवर होता आणि तिथे रौप्य मिळाले. कॉक्सवेनला लोक विसरतात. यादीत त्याचे नाव शेवटी छापायची रीत आहे म्हणून असेल.

अँटवर्पचे कागद वापरताना एक सावधगिरी लागते. युद्धातून नुकत्याच उठलेल्या बेल्जियमच्या संयोजकांकडे पैसे उरले नाहीत आणि अधिकृत अहवाल वेळेवर छापला गेला नाही. आज जो अहवाल म्हणून ओळखला जातो तो १९५७ मध्ये टंकलिखित स्वरूपात तयार झाला, घटनेनंतर सदतीस वर्षांनी. ही अडचण आपल्यालाही लागू आहे. दोराबजी टाटा आणि पुण्याचा डेक्कन जिमखाना यांच्या खटपटीने भारताचा पहिला संघ गेला तो याच अँटवर्पला. फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वे आले आणि रणधीर शिंदे कुस्तीत चौथे. त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्याला हाच उशिरा जुळवलेला अहवाल उघडावा लागतो, आणि त्यातल्या प्रत्येक आकड्याला त्या वेळच्या वर्तमानपत्राचा दुजोरा शोधावा लागतो. मराठी क्रीडा-इतिहासात हे काम अजून पुरेसे झालेले नाही, आणि ते व्हायला हवे.

अँटवर्पनंतर नौदलाचा संघ थांबला नाही. हडसन नदीवर पकिप्सी येथे महाविद्यालयांची मोठी शर्यत भरे. ती त्याने १९२१, १९२२ आणि १९२५ मध्ये जिंकली. म्हणजे १९३० ची इमारत आशेवर बांधलेली नव्हती. दहा वर्षांचे निकाल तिच्या मागे उभे होते. तरी ते साल सोपे नव्हते. ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला होता. २२ एप्रिल १९३० रोजी लंडनच्या नाविक करारावर सह्या झाल्या, मोठ्या युद्धनौकांच्या बांधणीवर बंधने आली आणि त्या परिषदेला अमेरिकेकडून गेलेल्यांत नौदलमंत्री चार्ल्स फ्रान्सिस अ‍ॅडम्स होते. जहाजे कमी करायच्या वर्षात नौदलाने वल्ह्यांच्या नौकांसाठी घर पुरे केले. अ‍ॅडम्स स्वतः नावाजलेले दर्यावर्दी. १९२० च्या जुलैत, म्हणजे छात्रांची ऑलिंपिक निवड ज्या महिन्यात झाली त्याच महिन्यात, ते 'रेझोल्यूट' या शिडाच्या नौकेचे सुकाणू धरून अमेरिका कपची शर्यत जिंकत होते. हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया आणि नौदल यांच्यात १९३३ पासून चालत आलेली शर्यत त्यांच्या नावाच्या कपासाठी होते आणि तिच्या एका मुक्कामाचे पाणी सेव्हर्नचे आहे.

इमारत पुरी झाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९३१ मध्ये, संघाने पकिप्सीची शर्यत पुन्हा जिंकली. १९३८ मध्येही. वार्षिकांकाच्या थाटात लिहायचे तर नव्या घराचा पायगुण म्हणता येईल. पण १९३२ मध्ये आणि १९३४ ते १९३७ या वर्षांत ती शर्यत इतरांनी जिंकली आहे आणि हे वाक्यही त्याच पानावर यायला हवे.

नौदलाचे पुढचे ऑलिंपिक सुवर्ण हेलसिंकीचे, १९५२ मधले. प्रशिक्षक रस्टी कॅलो, नौकेत आठ छात्र आणि कॉक्सवेन चार्ल्स मॅनरिंग. अंतिम शर्यत २३ जुलैला मेलाहती उपसागरात झाली. नौदल ६ मिनिटे २५.९ सेकंद, सोव्हिएत संघ ६ मिनिटे ३१.२ सेकंद, ऑस्ट्रेलिया तिसरा. सोव्हिएत खेळाडूंचे हे पहिलेच ऑलिंपिक होते. शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिकन नौदलाची मुले रशियन नौकेला सव्वापाच सेकंदांनी, वरच्याच हिशेबाने दीड नौकेच्या अंतराने, मागे टाकून गेली. तेव्हाच्या अमेरिकेत याचा आनंद केवढा झाला असेल ते वेगळे सांगायला नको.

त्याच शहरात त्याच दिवशी साताऱ्याच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक मिळवत होते. हेलसिंकीचा अधिकृत अहवाल संयोजकांनी वेळेत आणि तपशिलाने छापला आहे, त्यामुळे दोन्ही निकाल एकाच जाडजूड खंडात मिळतात. एका निकालामागे सरकारने बांधलेले बोटहाऊस, पगारी प्रशिक्षक आणि नौदलाची सगळी यंत्रणा होती. दुसऱ्यामागे कोल्हापूरच्या लोकांनी आणि ज्या कॉलेजात ते शिकले त्याच्या प्राचार्यांनी गोळा केलेला प्रवासखर्च होता. निकालाच्या तक्त्यात या दोन्ही गोष्टींना रकाना नसतो.

दोन सुवर्णपदकांच्या वेळा मात्र एकमेकींशी ताडून पाहू नयेत. १९२० चे ६:०२.६ आणि १९५२ चे ६:२५.९ पाहून कुणी म्हणेल की बत्तीस वर्षांत नौदल तेवीस सेकंदांनी मंदावले. व्हिलव्होर्डेचे पाणी दोन्ही बाजूंनी बांधलेल्या कालव्याचे, मेलाहतीचे उघड्या उपसागराचे. समोरचा वारा आणि लाट दोन हजार मीटरमध्ये एवढा फरक सहज पाडतात. म्हणूनच या खेळात नौका एकाच वेळी शेजारी-शेजारी सोडतात. सेव्हर्नच्याच काठावर, अकादमीच्या धक्क्याच्या भिंतीलगत, अल्बर्ट मायकेलसन या तिथल्याच माजी छात्राने १८७९ मध्ये प्रकाशाचा वेग मोजला होता. मोजमाप म्हणजे काय हे त्या आवाराला चांगले ठाऊक आहे.

आता पराभवाचा कागद. १९२० पासून १९५६ पर्यंत आठाच्या नौकेचे ऑलिंपिक सुवर्ण दर वेळी अमेरिकेकडे गेले. सलग आठ स्पर्धा. १९६० मध्ये रोमला अमेरिकेतर्फे पुन्हा अ‍ॅनापोलिसचा संघ उतरला. शर्यत रोमबाहेरच्या अल्बानो सरोवरावर. जर्मनी पहिली, कॅनडा दुसरा, चेकोस्लोव्हाकिया तिसरा, फ्रान्स चौथा. अमेरिकन नौदल पाचवे. ज्या संघाने मालिका सुरू केली त्याच्याच हातून ती तुटली.

बोटहाऊसच्या इतिहासात याला विजयांइतकीच जागा द्यायला हवी असे माझे ठाम मत आहे. कारण हा अपघात नव्हता. विजेत्या जर्मन संघाचे प्रशिक्षक, राट्झेबुर्गचे शिक्षक कार्ल अ‍ॅडम यांनी वल्हवण्याचा सगळा विचार नव्याने मांडला होता. वल्ह्याचे पाते आखूड आणि रुंद केले, मिनिटाला पडणाऱ्या वल्ह्यांची संख्या वाढवली, थोड्या अंतराच्या जोरकस आणि पुन्हा पुन्हा करायच्या फेऱ्यांवर सराव बेतला. तो सराव इतर खेळांकडून, विशेषतः धावण्याच्या शर्यतीकडून, उचललेला होता. अमेरिकेत एक प्रशिक्षक दुसऱ्याला हात धरून शिकवत आला होता. त्या परंपरेने चाळीस वर्षे जग जिंकले, आणि परंपरा जिंकत असते तेव्हा तिला कुणी प्रश्न विचारत नाही. १९६० नंतर अमेरिकन बोटहाऊसांत नव्या घाटाची वल्ही आली, सरावाचे तक्ते बदलले. अल्बानोचा निकाल नोंदला गेला नसता तर हा बदल कशामुळे झाला हे पुढच्या माणसाला कळलेच नसते.

हबर्ड हॉलचा पुढचा मोठा टप्पा त्याच्या भिंतींबाहेर ठरला. ६ जुलै १९७६ रोजी अकादमीत पहिल्यांदा स्त्रिया दाखल झाल्या आणि १९८० मध्ये त्यांचा पहिला वर्ग पदवी घेऊन बाहेर पडला. १९३० मध्ये ज्यांनी इमारतीचा आराखडा काढला त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त मुलगे होते. १९९३ मध्ये इमारतीचे मोठे नूतनीकरण झाले आणि फिशर रोइंग सेंटर हे नाव तिला जोडले गेले. हबर्डचे नाव त्यासाठी काढले नाही. आज पुरुषांचा हेवीवेट, पुरुषांचा लाइटवेट आणि स्त्रियांचा असे तीन संघ याच इमारतीतून कॉलेज क्रीकमध्ये उतरतात, आणि तिन्हींच्या निकालांच्या याद्या स्वतंत्र ठेवल्या जातात.